खरखर

रात्री साडेअकराचा अर्धा तास आम्हाला मिळाला,
कारण तो कुणालाच नको होता.
कार्यक्रमाचं नाव खरखर.
मी आणि यास्मिन बागवान.
हवा बरी असली तर गणेशखिंडीतून निघून
पेठांपर्यंत पोचतो, नाहीतर
टेकडीच्या अलीकडेच बसतो.

पहिल्याच आठवड्यात सदाशिव पेठेतून पोस्टकार्ड:
'आपला कार्यक्रम व आमच्या संचातील बिघाड
यांत फरक कसा ओळखावा, कळवावे.'
यास्मिननं ते बातमीसारखं वाचलं,
मागे मिक्सरमध्ये चटणी फिरत होती.

काय काय कोंबलं त्या अर्ध्या तासात:
संगमाजवळ पुलावरून जाणारी मालगाडी, बेचाळीस डबे,
मंडईत पहाटे पडणारी कोबीची पोती,
यास्मिनच्या भावाची सतारीची एक तार
जी तो लावत बसला आणि लागलीच नाही,
अकरा मिनिटं.
मधूनमधून मी बोलायचो.
म्हणायचो, मंडपात रात्रभर डोलणारी मान
मागच्या गल्लीतल्या हातोडीविरुद्ध
चौकीत अर्ज कसा देते?
गोंगाट कोण ठरवतं, असं विचारून
मी तीन सेकंद थांबायचो.
आता ऐकताना ते तीन सेकंद फार लांब वाटतात.

तर त्या हातोडीसाठी तांबट आळीत गेलो.
दोन माइक, एक फरशीला चिकटवलेला.
सात माणसं, सात पालथी भांडी.
कच्च्या तांब्याचा आवाज सैल असतो,
कुठंही जातो.
तापवून, चिंचेनं घासून, पुन्हा ठोकत आणलं
की तो लहान होतो, जागच्या जागी बसतो.
चहा आला. कुणी आमच्याकडे फारसं बघितलं नाही.

स्टुडिओत यास्मिननं सातांतला एक वेगळा काढला,
मंद केला, त्याच्या खाली खर्ज ठेवला,
एका ठोक्याशी थांबून तोच फिरवत राहिली.
आम्ही एकमेकांना थोर म्हणालो.

प्रक्षेपण संपायला सहा मिनिटं होती, फोन वाजला.
आम्हाला फोन येत नाहीत.
'मुरलीधर पोटफोडे. तुम्ही आमचं वाजवताय.'
हो काका.
'चुकलेला ठोका लावलाय.'
मी म्हटलं, तो मुद्दाम मंद केलाय, ती रचना आहे.
'रचना तुमची असेल. हंडा माझा आहे.
तिथं हात सरकला, पत्रा पातळ पडला.
सात-आठ वर्षांनी तिथूनच गळणार तो.
आणि तुम्ही नेमका तेवढाच सारखा लावताय.'

यास्मिननं आकडा दाखवला.
चव्वेचाळीस वेळा.

बंद करू का, मी विचारलं.
पलीकडे पंख्याची पाती कशाला तरी घासत होती,
कुणीतरी म्हणालं, एवढ्या रात्री कोण,
मग ते म्हणाले, 'नको. लावा परत.
पण आधी सांगा,
तो हंडा विकलेला नाही. घरातच ठेवलाय, माळ्यावर.'

मी सांगितलं. टिपण उलटं करून ठेवलं होतं,
त्यामुळे वाक्य एकच झालं.
मग ठोका लावला,
खर्ज काढून,
त्याच्या मूळ वेगानं,
एकदाच.
तो इतका साधा होता
की कुठं चुकलाय ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

आठवड्यानं पोस्टकार्ड, तेच अक्षर:
'मंगळवारी शेवटी स्पष्ट ऐकू आले. संच सुधारला असावा.
हंड्याचे पुढे काय झाले?'

काही झालेलं नाही.
यास्मिन म्हणते, आपण तो मागून आणू,
भरून ठेवू स्टुडिओच्या कोपऱ्यात,
खाली परात, परातीला माइक,
आणि बसू.
मी म्हणतो, अर्धा तास पुरायचा नाही.
ती म्हणते, मुदतवाढीचा अर्ज
तूच लिही, तुला बोलायला आवडतं.